मार्था बॅलर्डची रोजनिशी : एका सुईणीच्या मनाचा इतिहास

जुन्या घराण्यांच्या कागदांत जन्माच्या नोंदी सापडतात. तिथी, वार, घटिका, नक्षत्र सारे तपशील असतात. बारशाचा खर्च असतो, भटजींची दक्षिणा असते. पण ते मूल ज्या हातांनी या जगात आणले त्या बाईचे नाव बहुधा नसते. सुईण ही इतिहासाच्या उंबरठ्यावर थांबलेली बाई आहे. रात्री-अपरात्री तिला बोलावणे जाते, पहाटे ती हात धुऊन निघून जाते, आणि कागदावर फक्त मूल उरते.

त्यामुळे ‘बाळंतपण करणाऱ्या बायकांनी आपला ताण कसा सोसला’ हा प्रश्न घेऊन मी वाचायला बसले, तेव्हा पहिली अडचण साधनांची होती. कोणाच्या तरी लेकीचे, सुनेचे प्राण हातात घेऊन रात्रभर बसणे, कधी ते हातातून निसटताना पाहणे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दुसऱ्या दारात उभे राहणे, याने त्या बाईच्या मनाचे काय होत असेल? तिने स्वतः लिहून ठेवल्याशिवाय हे कळणार कसे? आणि लिहिणार कोण? बहुतेक सुइणींना अक्षरओळखच नव्हती.

याला जे थोडे अपवाद जगात आहेत, त्यांतला सर्वांत भरघोस अपवाद अमेरिकेतल्या मेन प्रांतातला आहे. मार्था बॅलर्ड ही तिथल्या केनेबेक नदीकाठच्या हॅलोवेल गावची सुईण. १ जानेवारी १७८५ पासून ७ मे १८१२ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षांहून अधिक काळ, तिने रोजनिशी लिहिली. नोंदींची संख्या दहा हजारांच्या घरात जाते, आणि त्यांत ८१६ बाळंतपणे आहेत.

रोजनिशीचे नशीब

ही रोजनिशी हरवली नव्हती. ती घराण्यातच होती. १८८४ साली मार्थाची खापरपणती मेरी होबार्ट वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाली, आणि त्याच वर्षी हा वारसा तिच्या हाती आला. १९३० मध्ये तिने तो मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिला. एकोणिसाव्या शतकातच त्या भागाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ती पाहिली होती. पण त्यांना त्यात हवे ते मिळाले नाही. हवामान, भाजीचे वाफे, सूतकताई, कोण कोणाकडे गेले, कोणाला मुलगा झाला, कोणी काय दिले. एवढेच तर होते! घरगुती फुटकळ मजकूर म्हणून ती बाजूला राहिली.

लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाईंनी तो ‘फुटकळ मजकूर’ ओळीनओळ वाचला. त्यातून १९९० साली त्यांचे ‘अ मिडवाइफ्स टेल’ हे पुस्तक आले, आणि १९९१ चे इतिहासासाठीचे पुलित्झर पारितोषिक त्याला मिळाले. या लेखातले तपशील बहुतांशी त्या वाटेनेच माझ्यापर्यंत आले आहेत. प्रश्न मात्र माझा आहे: या बाईच्या मनाने इतकी वर्षे तग धरला तो कशाच्या जोरावर?

पदरी तीन मुलींचा मृत्यू घेऊन

मार्थाचा जन्म १७३५ चा, मॅसॅच्युसेट्समधल्या ऑक्सफर्ड गावचा. नवरा इफ्राइम हा गिरणीवाला आणि जमीन मोजणारा. त्यांना नऊ मुले झाली. १७६९ च्या उन्हाळ्यात गावात घटसर्पाची साथ आली आणि १७ जून ते ५ जुलै या तीन आठवड्यांत तीन मुली गेल्या. एक आठ वर्षांची, एक चारची आणि एक दोनची. मार्था त्या वेळी गरोदर होती. ऑगस्टच्या सहा तारखेला तिला मुलगी झाली. तिचे नाव हॅना.

पुढे सुईण म्हणून जिच्या दारात ही बाई उभी राहिली, तिच्यापुढे हा अनुभव तिने बोलून दाखवला असेल की नाही, कोणास ठाऊक. रोजनिशीत मात्र जून महिना आला की कधी कधी एक ओळ येते: आज अमक्या मुलीला जाऊन इतकी वर्षे झाली, तेव्हा ती इतक्या वर्षांची होती. विलाप नाही, विशेषण नाही. श्राद्धतिथी पाळावी तशी ती ओळ पाळलेली असते. नंतर लगेच त्या दिवसाचे काम.

ऑगस्ट १७८७

ताण म्हणजे नेमका किती, हे समजायला एका महिन्याचा हिशेब पुरे आहे. ऑगस्ट १७८७ मध्ये हॅलोवेलमध्ये लोहितांग ज्वराची साथ होती. ३ ते २४ ऑगस्ट या बावीस दिवसांत बावन्न वर्षांच्या मार्थाने चार बाळंतपणे केली, एकदा खोट्या कळांसाठी धाव घेतली, आजाऱ्यांच्या घरी सोळा खेपा घातल्या आणि तीन प्रेतांना अखेरचे आवरले. कोणाला गोळ्या दिल्या, कोणाला पाला काढून वाळवून दिला, आणि स्वतःच्या नवऱ्याचा दुखरा घसाही पाहिला.

याच महिन्यात क्लेटन नावाच्या माणसाची बायको बाळंत झाली आणि काही दिवसांत गेली. बाळही गेले. आईच्या कुशीत बाळाला ठेवून दोघांना एकत्र पुरले. मार्थाने त्या दिवशी लिहिले त्याचा आशय असा की, असे दृश्य तिने प्रथमच पाहिले आणि तिच्या हातून बाळंत झालेली बाई बाळंतपणात दगावण्याची ही पहिलीच वेळ.

ही नोंद मी अनेकदा वाचली. हिच्यात कबुली नाही, बचावही नाही. मोजणी आहे. आपल्या हातून किती आल्या आणि किती गेल्या हे तिला नेमके ठाऊक होते. सुमारे हजार बाळंतपणांत ऐन प्रसूतीच्या वेळी एकही आई तिच्या हातून गेली नाही. नंतरच्या दिवसांत पाच गेल्या. १९३० साली, दवाखाने आणि डॉक्टर असूनही, अमेरिकेत दर दीडशे जन्मांमागे एक आई मरत होती. ही तुलना ध्यानात घेतली की मार्थाच्या कामाचे मोल कळते. पण त्या पाच जणी तिच्यासाठी आकडा नव्हत्या. त्यांच्या घरांवरून तिची रोजची वाट होती.

एकटी नव्हती

आता मुख्य प्रश्नाकडे वळते. आज ‘मनाचा चिवटपणा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकटा माणूस येतो. दात-ओठ खाऊन सोसणारा, आतून कणखर. मार्थाची रोजनिशी वाचताना हे चित्र टिकत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत ती कधीच एकटी नसे. कळा वाढल्या की शेजारणींना बोलावण्याची रीत होती. पाच-सहा बायका जमत. कोणी पाठ चोळे, कोणी आधार देई, कोणी चूल सांभाळी. मूल झाले की सगळ्या मिळून जेवत, आणि उशीर झाला असेल तर सुईण तिथेच झोपे. म्हणजे जे घडले ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडले. चांगले झाले तर आनंद वाटून घ्यायला माणसे, वाईट झाले तर ‘काय झाले’ ते माहीत असलेली माणसे. दुसऱ्या दिवशी सुईणीला कोणापुढे सगळे पहिल्यापासून सांगत बसावे लागत नसे.

दुसरी गोष्ट ओळखीची. ज्या बाईचे बाळंतपण करायचे तिला मार्था वर्षानुवर्षे ओळखत असे. तिचे आधीचे मूलही बहुधा हिनेच काढलेले. कोणाचे पोट कसे, कोणाचा धीर किती, कोणाचा नवरा कामाचा नि कोणाचा बिनकामाचा, हे तिला आधीच माहीत असे. अनोळखी देहावर काम करण्यात जो ताण असतो, तो इथे कमी होता.

तिसरी गोष्ट मोबदल्याची. एका बाळंतपणाचे सहा शिलिंग हा तिचा ठरलेला दर. रोकड नसेल तर चहा, साखर, लोकर, बियाणे असे काहीही चाले. मिळाले की समासात खूण होई. कामाची किंमत ठरलेली आणि कबूल केलेली होती. ती पुण्यकर्म म्हणून फुकट राबत नव्हती, आणि हे तिच्या गावालाही मान्य होते.

चौथी गोष्ट स्वतः रोजनिशी. रात्री, किंवा परतल्यावर जेव्हा बसायला मिळेल तेव्हा, ती दिवस कागदावर मांडून ठेवी. हवा कशी होती, नदी कशी ओलांडली, कोण कधी बाळंत झाले, मी कधी घरी आले. १७८९ च्या एप्रिलच्या अखेरीस वादळात ती होडीने नदीपलीकडे गेली. वाटेत समोर एक मोठे झाड मुळासकट कोसळले, ओढ्यावरचा पूल वाहून गेलेला होता. तरी ती पोचली आणि मूल सुखरूप झाले. हेही तिने त्याच शिस्तीत नोंदवले, फक्त देवाचे आभार जरा जास्त मानले. लिहिल्याने मन हलके होते असे आजचे मानसशास्त्र सांगते. मार्थाला ते माहीत असण्याचे कारण नाही. पण दिवस मिटवल्याशिवाय ती झोपत नसे एवढे दिसते.

नाव सांगायची वेळ

या कामात देहाच्या थकव्यापलीकडचाही एक ताण होता. तिथल्या कायद्याप्रमाणे अविवाहित बाई बाळंत होताना, ऐन कळांच्या वेळी, सुईणीने तिला मुलाच्या बापाचे नाव विचारायचे. अशा वेळी माणूस खोटे बोलत नाही अशी समजूत होती. ते नाव पुढे कोर्टात ग्राह्य धरत आणि त्या पुरुषाला मुलाच्या पोषणाचा खर्च द्यावा लागे. म्हणजे सुईण एका अर्थी साक्षीदार होती.

२३ ऑक्टोबर १७९१ रोजी सॅली पीअर्स ही तरुणी बाळंत झाली. मार्थाने तिला रीतीप्रमाणे विचारले. सॅलीने नाव सांगितले ते जोनाथनचे. जोनाथन म्हणजे मार्थाचा सख्खा मुलगा.

रोजनिशीत हे नाव लपवलेले नाही. इतरांचे लिहावे तसेच लिहिले आहे. चार महिन्यांनी, फेब्रुवारी १७९२ मध्ये, जोनाथन आणि सॅलीचे लग्न झाले. त्या रात्री मार्थाच्या मनात काय उलथापालथ झाली याची ओळ नाही. पण आई आणि सुईण यांत निवड करायची वेळ आली तेव्हा तिने सुईणीचा नियम पाळला. मला वाटते, कामाचा ठरलेला नियम ही मनाला आधार देणारी गोष्ट असते ती अशी. काय करायचे हे त्या क्षणी ठरवावे लागले असते, तर बाई मोडली असती. ते आधीच ठरलेले होते.

ताकद ओसरली ती कधी

वर सांगितलेले आधार खरे होते की मी ते मागाहून चिकटवते आहे, याची परीक्षा सोपी आहे. ते आधार गेले तेव्हा काय झाले ते पाहावे.

मार्था रात्री-बेरात्री बाहेर जाऊ शकत होती, कारण घरी हॅना, डॉली आणि एक भाची होती. सूत, माग, चूल, गाई-गुरे त्या पाहत. १७९२ ते १७९५ या काळात तिघींची लग्ने झाली. घर रिकामे झाले. मोलाने ठेवलेल्या मुली येत नि जात. साठीच्या बाईने दोन रात्री जागून घरी यावे तर चूल थंड, कपड्यांचा ढीग तसाच. याच वर्षांत रोजनिशीचा सूर बदलतो. बाईचे काम कधी संपत नाही, अशा अर्थाची कुरकुर येते, अंगदुखीच्या नोंदी वाढतात. बाळंतपणांनी जिला थकवले नव्हते, तिला मदतीविना घराने थकवले.

त्याहून वाईट काळ १८०४ चा. इफ्राइम गावाचा करवसुली अधिकारी होता. कर पुरता वसूल झाला नाही, भरणा राहिला, आणि जवळजवळ ऐंशी वर्षांच्या या माणसाला कर्जदारांच्या तुरुंगात टाकले. सव्वा वर्षाहून जास्त तो तिथे होता. मार्था सत्तरीला आलेली. सरपण फोडून द्यायला माणूस नाही. त्यातच जोनाथन आणि सॅली मुलांसह तिच्या घरात राहायला आली आणि आपल्याच घरात तिच्या वाट्याला एक खोली उरली. जोनाथन तापट, सून आणि सासू यांच्यात धुसफूस. एवढी वर्षे कोरड्या राहिलेल्या पानांवर आता अश्रूंचे उल्लेख येतात.

वादळात कोसळलेले झाड पाहून जी डगमगली नाही, ती थंड चुलीपुढे रडली. या दोन्ही नोंदी एकाच बाईच्या आहेत. तिच्या स्वभावातला कणखरपणा पंधरा वर्षांत आटला असे म्हणण्यापेक्षा, त्या कणखरपणाला खालून धरणारे हात काढून घेतले गेले असे म्हणणे मला जास्त खरे वाटते. कारण पुढे इफ्राइम सुटून आला, घर पुन्हा तिचे झाले, आणि ती पुन्हा कामाला लागली. तिचे शेवटचे बाळंतपण २६ एप्रिल १८१२ चे आहे. त्या वेळी ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. त्यानंतर अकरा दिवसांनी रोजनिशी थांबते, आणि काही आठवड्यांतच ती गेली. वर्तमानपत्रात तिच्या मृत्यूची जेमतेम एक ओळ आली.

डॉकमची विधवा

ही एकटीची गोष्ट नाही हे दाखवायला दुसरा एक दाखला देते. नेदरलँड्सच्या फ्रीसलँड भागात काथारिना श्रादर नावाची सुईण होती. नवरा शल्यवैद्य. १६९२ मध्ये तो वारला, पदरी सहा मुले. १६९३ च्या जानेवारीत, बर्फातून वाट काढत, तिने पहिले बाळंतपण केले आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षे ते काम केले. डॉकम गावात आणि आसपास तिने तीन हजारांहून जास्त मुले आणली. तीही प्रत्येक बाळंतपणाची नोंद ठेवत असे. आणि चौऱ्याऐंशी वर्षांची झाल्यावर तिने आपल्या वह्या पुन्हा काढल्या, सर्वांत अवघड बाळंतपणे निवडली आणि ती वेगळी लिहून काढली, मागून येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून.

म्हातारपणी माणसे सुखाच्या आठवणी काढतात. या बाईने आडवी आलेली मुले, अडलेल्या वेणा, हातचे गेलेले जीव आठवून लिहिले. जे सर्वांत जास्त छळत राहते त्याला शिकवण्याच्या कामी लावणे, हाही मन सांभाळण्याचा एक जुना मार्ग दिसतो.

आजचे आकडे

आता अडीचशे वर्षे पुढे येऊ. ब्रिटनमधल्या सुइणींच्या संघटनेने आणि कार्डिफ विद्यापीठाने मिळून एक मोठी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. सुमारे दोन हजार प्रशिक्षित सुइणींनी तीत उत्तरे दिली. त्यांपैकी ८३ टक्के वैयक्तिक पातळीवर पार थकलेल्या, म्हणजे ज्याला ‘बर्नआउट’ म्हणतात त्या अवस्थेत होत्या. ६७ टक्क्यांचा थकवा कामाच्या स्वरूपातून आला होता. पण तिसरा आकडा मला सर्वांत बोलका वाटतो: बाळंतिणींशी येणाऱ्या संबंधातून थकवा आला असे फक्त १५-१६ टक्क्यांच्या बाबतीत दिसले.

म्हणजे बाया थकल्या त्या बायांमुळे नव्हे. त्या थकल्या अपुऱ्या माणसांमुळे, लांबलेल्या पाळ्यांमुळे, कागदांमुळे, आणि ज्या आईला आज पाहिले ती पुन्हा दिसणारच नाही अशा व्यवस्थेमुळे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका ब्रिटिश अभ्यासात, प्रसूतीच्या वेळी भीषण प्रसंग पाहिलेल्या सुइणींपैकी सुमारे एक तृतीयांश जणींमध्ये आघातोत्तर ताणाची लक्षणे आढळली. युद्धावरून परतलेल्या सैनिकांबद्दल आपण जो शब्द वापरतो, तोच इथे लागू पडला.

यावर उपाय म्हणून श्वसनाचे व्यायाम, ध्यान, कार्यशाळा सुचवल्या जातात. त्यांना माझा विरोध नाही. पण मार्थाचे पान उघडले की कळते, तिला तगवून धरणाऱ्या गोष्टी कार्यशाळेत शिकवता येण्यासारख्या नव्हत्या. खोलीत सोबत, ओळखीची बाळंतीण, ठरलेला मोबदला, मागे घर सांभाळणारी माणसे. यातले काहीच त्या बाईच्या मनात नव्हते. ते तिच्या भोवती होते.

आपल्याकडे

आपल्या सुइणींनी रोजनिशा लिहिल्या नाहीत. पण तिच्याभोवतीची व्यवस्था रीतींत शिल्लक आहे. पाचवीच्या पूजेला तिला मान असे, सटवाईपुढे तिच्या हाताने दिवा लागे, खण-नारळ, लुगडे, शिधा तिच्या पदरात पडे. हीच मंडळी एरवी तिला शिवत नसत, हे विसरून चालणार नाही. बऱ्याच गावांत हे काम खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या बायकांकडे होते, आणि ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण तिच्याइतकी कोणाला लागू पडत नसेल. तिचे गोडवे गाताना तिच्या वाट्याचा अपमान झाकायला नको.

आज ती जवळजवळ उरली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात ६४.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती, २०१९-२१ मध्ये ती ९४.७ टक्के झाली. यामुळे कितीतरी आया वाचल्या, यात शंका नाही. पण सुईणीचे ओझे नाहीसे झाले नाही. ते प्रसूतिकक्षातल्या नर्सबाईंच्या, उपकेंद्रावरच्या एएनएमच्या खांद्यावर गेले. नियमाप्रमाणे एका उपकेंद्रामागे पाच हजारांची वस्ती, डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजारांची. लसीकरण, नोंदवह्या, सर्वेक्षणे यांतून वेळ काढून बाळंतपण.

माझ्या नात्यातल्या एक निवृत्त एएनएम आहेत. एका रात्री त्यांच्या हातून एक बाई गेली. रक्तस्राव थांबला नाही, गाडी वेळेवर आली नाही. पुढच्या आठवड्यात चौकशी झाली, कागद भरले गेले, जबाब झाले. ‘काय झालं’ हे पाच जणांनी विचारलं, असे त्या सांगतात. मी विचारले, तुम्ही कशा आहात हे कोणी विचारले? त्या हसल्या. “घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं होतं,” म्हणाल्या. “गरम पाणी काढून दिलं, नि म्हणाल्या, आज स्वयंपाकाला हात लावू नकोस.”

मातामृत्यूची चौकशी आपल्याकडे रीतसर होते आणि ती व्हायलाच हवी. त्यातूनच पुढच्या आया वाचतात. पण त्या टेबलाभोवती बसणाऱ्यांनी आणखी दोन प्रश्न विचारावेत असे वाटते. त्या रात्री नर्सबाईंसोबत खोलीत दुसरे कोण होते? आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सुट्टी मिळाली का? मार्थाच्या रोजनिशीत या दोन्ही गोष्टी लिहिलेल्या असत. बाळंतपणाला जमलेल्या शेजारणींची नावे, आणि आपण घरी कधी पोचलो ती वेळ.